गळ्यात कंची, खुंटीला कंची

गाठी दोनच. एक निरगाठ, ओढली तरी न सरकणारी. दुसरी सुरगाठ, मोकळ्या टोकाला हिसका दिला की सुटणारी. मी इंदापूरच्या शाळेत गणित शिकवते, पण या दोन गाठींनी माझ्या डोक्याचा पार भुगा केला.

मी बारामतीत फ्लॅटमध्ये वाढलेली. लग्न होऊन पळसदेवला आले, तर आठवड्याच्या आत सासूबाईंनी हातात कालवड बांधायचं दावं दिलं. त्यांना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा.

"गळ्यात निरगाठ, खुंटीला सुरगाठ. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

"हो," म्हटलं. कशाचं काय! सुटणारीच गाठ मारायची तर बांधायचं कशाला? आणि गळ्यात घट्ट गाठ, ती काचणार नाही? विचारलं तर म्हणाल्या, "शिकलेली हायेस न्हवं तू?" अस्सा राग आला! स्वतः मात्र रोज दावं बांधून झालं की कालवडीच्या गळ्याशी दोन बोटं घालून बसायच्या. मला वाटायचं, लाड चाललेत.

एका संध्याकाळी आत्या गवताला गेल्या नि कालवड बांधायचं माझ्यावर आलं. महिन्याचं पिल्लू, गाईचं पहिलंच. मी आपली अक्कल चालवली. पळू नये म्हणून खुंटीला निरगाठ, काचू नये म्हणून गळ्यात सुरगाठ.

तेवढ्यात गाय चरून आली. तिला बघून कालवडीनं धाव घेतली, दावं ताणलं आणि गळ्यातली सुरगाठ सरकून फास आवळला. ती आडवी पडली, जीभ बाहेर. मी टोकाला हिसका दिला, तो नेमका उलट्या टोकाला. फास आणखी आवळला. खुंटीकडे पळाले, तिथली निरगाठ हलेना. परत गळ्याकडे. कुठली सोडू, कशी सोडू, काही म्हणजे काही कळेना. "आत्या, धावा हो!" एवढंच ओरडत राहिले.

आत्या धावत आल्या आणि विळ्यानं दावं कापलं. बोटं घालून फास सैल केला. कालवड खोकली, धडपडत उठली आणि काही झालंच नाही अशी गाईला लुचायला लागली.

आता माझी धडगत नाही, म्हणून मी खाली मान घालून उभी. तर आत्याच मातीत बसल्या.

"माझी वाचली न्हवती," त्या म्हणाल्या. "ह्या घरात आले त्याच साली. आशीच बांधली हुती. समद्यांस्नी सांगितलं, पान लागलं."

साप चावून गेली, असंच घरात अजून समजतात.

"मामांनाही नाही सांगितलंत?"

"न्हाय. तुलाच."

त्यांनी दुसरं दावं आणून माझ्या हातात दिलं. "बांध."

दोन्ही टोकं धरून मी तशीच उभी. "आत्या, गळ्यात कंची म्हणालात?"

"निरगाठ," त्या म्हणाल्या. "आन् बांधली की दोन बोटं घालून बघ. मी चाळीस वर्सं बघती."