मढच्या मावशी आणि दोन चंद्र

कादंबरी सोमवारी छपाईला जाणार होती आणि रविवारी सकाळी आमच्या मासळीवाल्या वत्सलामावशींनी माझा अख्खा ग्रह पाण्यात घातला.

मी विज्ञानकथा लिहितो. नसलेल्या जगाचे नियम आधी ठरवायचे, मग तिथे माणसं सोडायची, असं हे काम. याला आमच्यात वर्ल्डबिल्डिंग म्हणतात. घरचे याला ‘गॅलरीत बसणं’ म्हणतात.

शेवटचं प्रूफ मी मोठ्यानं वाचतो. डोळ्यांतून सुटलेली चूक कानाला टोचते. त्या दिवशी शेवटचं प्रकरण वाचत होतो. मावशी मढहून तरीनं खाडी ओलांडून, वर्सोव्याला उतरून दर रविवारी अंधेरीत आमच्याकडे येतात. त्या दारात बसून बोंबील साफ करत होत्या. माझ्या नायकाची होडी चिखलात रुतली होती, मागे शत्रू. आकाशात एक चंद्र डोक्यावर, दुसरा क्षितिजावर. मोठी भरती आली, होडी तरंगली, नायक सुटला.

“नाय सुटणार,” मावशी म्हणाल्या.

“का?”

“एक चंद्र डोक्यावर, एक खाली. दोघं पाणी दोन बाजूंना ओढणार. आपल्याकडं अष्टमीला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र डोक्यावर असतो. तेव्हा पाणी कसलं असतं?”

मी बारावीला फिजिक्समध्ये बरा होतो, हे सांगायची ती वेळ नव्हती.

“भांगाचं,” त्याच म्हणाल्या. भांग म्हणजे कमजोर भरती. अमावास्या-पुनवेची मोठी ती उधाणाची. “भांगाच्या पाण्यात होडी उचलत नाय. माझ्या सासऱ्याला विचार. म्हणजे, असते तर.”

मी कागदावर आकृती काढली. बाई शंभर टक्के बरोबर होती. तीन वर्षं मी त्या ग्रहाची भाषा, पंचांग, लग्नाचे विधीसुद्धा ठरवले होते. भरती तेवढी राहिली. मला स्वतःचीच लाज वाटली.

संपादक रेवतीला फोन केला. ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि चाळीस वर्षांनी शहाणी.

“सर, दुसरा चंद्र वर सरकवा ना. एका ओळीचं काम.”

“कव्हरवर तो क्षितिजावर आहे.”

“कव्हर छापून झालंय,” ती म्हणाली. “एवढं कोण बघतं यार?”

“मासे विकणारे.”

“उद्या दुपारी बारापर्यंत फाइल द्या. नाहीतर दिवाळीच्या यादीतून पुस्तक जाईल. आणि खरं सांगू? आधीचं पुस्तक चाललं नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी मी भांडले तरी कोणी ऐकणार नाही.”

वाट लागली होती. दारात येऊन मावशींनाच विचारलं, “होडी खरंच रुतली तर तुम्ही काय करता?”

“काय करणार? हाका मारायच्या. गाव येतं. खाली ओंडके घालायचे आणि ढकलायचं.”

“भांडण असलं तरी येतात?”

“भांडण घरात. होडी अडकली की सगळे येतात. नंतर ऐकवतात वर्षभर, ते वेगळं.”

माझा नायक पाचव्या प्रकरणात गावाशी भांडून निघालेला. पुढची सतरा प्रकरणं तो एकटाच शूरपणा करत होता आणि मलाही आतून त्याचा कंटाळा आला होता. शेवटचं प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलं. पाणी चढलं नाही. त्यानं लाजत लाजत हाक मारली. लोक आले, कुरकुरत आले, पण आले. लिहिताना माझेच डोळे भरून आले. बोंबील गार झाले, घरचे बोलले, तेही ऐकून घेतलं. सोमवारी अकरा पन्नासला फाइल गेली.

पुस्तक दिवाळीत आलं आणि चाललं. वाचकांची बहुतेक पत्रं त्या होडी ढकलण्यावरच येतात. दोन चंद्रांबद्दल एकानंही लिहिलेलं नाही.

मी धडा घेतला. पुढच्या कादंबरीचा ग्रह वाळवंटी ठेवलाय. समुद्रच नाही, म्हणजे कटकट नाही. परवा मावशींना तसं ऐटीत सांगितलं.

त्यांनी सुरमई वजनकाट्यावर ठेवली आणि विचारलं, “मंग तिथली माणसं खातात काय?”

गेले चार दिवस मी गॅलरीत बसून आहे.