निळा मासा बाहेर काढला

सुनेला नको होता म्हणून समुद्र आमच्या घरी आला. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. खाऱ्या पाण्याच्या माशांची टाकी फ्लॅटमध्ये ठेवायची असं त्याच्या मनात आलं, त्यानं सगळं सामान आणलं, आणि सून म्हणाली, एक तर हे राहील नाही तर मी. मग त्याला बाप आठवला. बाप इथं सोनपेठात लकवा मारून बाजेवर पडलेला. उजवं अंग गेलेलं, जीभ जड झालेली, पण शिव्या स्पष्ट.

"आई, मासे बघितले की बीपी उतरतं म्हणतात. बाबांना करमणूक होईल."

"आणि पाणी कोण बदलंल? तुझा बाप?"

"तू हायेस की."

माझा नवरा ऊसतोडीचा मुकादम होता. टोळ्या घेऊन कारखान्याला जायचा, माणसं हाकायचा, आणि ती हाकायची सवय घरी घेऊन यायचा. माझा खालचा एक दात त्यानं पाडला. डाव्या हाताचं एक बोट त्यानं पिरगाळलं ते अजून सरळ होत नाही. त्याचा उजवा हात लुळा पडला तेव्हा मला वाटलं, सुटले. पण काही दिवसांत तो डाव्या हातानं काठी धरायला शिकला. व्यायाम करून घ्यायला येणारा पोरगा म्हणाला, "वा आजी, चांगली प्रगती आहे." त्या प्रगतीचे वळ मी त्याला दाखवले नाहीत.

टाकी दोन फुटी. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेतला आणि बाजेच्या समोर, भिंतीला लावून ठेवली. मीठ बादलीतून आलं. मला वाटलं मीठ ते मीठ, संपलं तर दुकानातून पुडा आणू. पोरगा फोनवर ओरडला की ते समुद्राचं म्हणून वेगळं बनवलेलं मीठ आहे, स्वयंपाकाचं टाकलंस तर सगळे मरतील. नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं तर नाहीच. जारचं पाणी आणायचं, दुसऱ्या बादलीत मीठ कालवायचं, पंप लावून एक दिवस घोळू द्यायचं, आणि काटा असलेल्या प्लास्टिकच्या डबीत भरून बघायचं. काटा हिरव्या पट्ट्यात आला की पाणी बरोबर. मी चौथी पास आहे. पट्टा बघायला तेवढं पुरतं.

भोकाभोकांचे दगड ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आले, ओल्या कागदात गुंडाळून. वास असा की गल्लीतलं कुत्रं दारात येऊन बसलं. त्या दगडांत डोळ्याला न दिसणारे जीव असतात, ते माशांची घाण पचवतात. ते वाढेपर्यंत टाकी नुसती चालवायची. मी चालवली. वाळूवर तपकिरी शेवाळ आलं, काच बुळबुळीत झाली. उन्हाळ्यात पाणी झपाट्यानं आटायचं. आटलं तर साधं पाणी घालायचं, मिठाचं नाही. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. हे मला सांगावं लागलं नाही. आमटी आटली तर आपण मीठ घालत नाही, पाणीच घालतो. दुपारी टेबलफॅन पाण्यावर सोडायचा आणि बर्फाची बाटली तरंगत ठेवायची. लाइट गेली की बॅटरीचा छोटा पंप. म्हाताऱ्याला वारा घालायला मी जेवढी उठले नसेन, तेवढी त्या पाण्याला वारा घालायला उठले.

सुरुवातीला कोणता मासा टाकायचा ते पुण्याच्या दुकानदारानं सांगितलं. निळा. बोटाएवढा, चिवट, कसल्याही पाण्यात तगतो. "पाणी पक्कं व्हायला तोच टाका आजी, नवीन माणसाला तोच बरा." निळा आला, टाकीभर फिरला, सगळे दगड त्यानं आपले करून घेतले. कचरा खाणारे शंख आणि दोन पांढऱ्या मिशांचे झिंगे टाकले. शंखाला कवच होतं, झिंगे भोकात शिरून बसले, म्हणून ते निळ्यापासून वाचले.

मग मी केशरी मासे मागवले. पांढऱ्या पट्ट्यांचे, दोन. मला तेच आवडले होते, पोराच्या फोनमध्ये बघितल्यापासून. प्लास्टिकच्या पिशवीत हवा भरून, थर्माकोलच्या खोक्यात आले. पिशवी पाण्यावर तरंगवली, आतलं पाणी हळूहळू सारखं केलं, सोडले.

निळा दगडामागून आला तो सरळ अंगावर. शेपटी फाडली. केशरी वळला तर डोळ्याला चावला. मी जाळी घातली तर निळा दगडात, जाळी काढली तर पुन्हा बाहेर. संध्याकाळपर्यंत एक केशरी वाळूवर आडवा पडला होता, जिवंत, एक डोळा नाही, आणि निळा येऊन येऊन त्याचं पोट तोडत होता.

बाजेवरून आवाज आला. मला आधी कळेना कसला. म्हातारा हसत होता. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा.

"मुकादम हाय ह्यो," तो म्हणाला. "बघ कसा हाकायलाय."

दुसरा केशरी पंपाच्या नळीमागं, कोपऱ्यात, पृष्ठभागाजवळ उभा राहिला. तिथून हलला की मार. मी ठरवलं, हा मरू द्यायचा नाही. दया वगैरे नाही. मी पाणी केलं होतं, मी दगड लावले होते, आणि त्यात कुणी जगायचं हे म्हाताऱ्याच्या हसण्यावर ठरणार नव्हतं.

निळ्याला पकडायला सगळे दगड उपसावे लागतात. मी तसं म्हणून बघितलं.

"हात लावायचा न्हाई त्याला," म्हातारा म्हणाला. "त्यो माझा हाय."

"आन् त्यो कोपऱ्यातला?"

"त्यो मरंल. कमजोर हाय."

मग मी केशरीला वेगळं खाऊ घालायला लागले. काचेच्या एका बाजूला निळ्यासाठी खाणं टाकायचं, तो तिकडं धावला की कोपऱ्यात दोन कण सोडायचे. म्हाताऱ्याच्या ते ध्यानात आलं. मी कोपऱ्यात हात नेला की तो बाजेवरून काठी लांब करायचा आणि काचेवर टकटक करायचा. केशरी दचकून उघड्यावर यायचा, निळा त्याच्यावर पडायचा. म्हातारा मला बघून हसायचा. एकदा मी काठी बाजूला सारली तर तीच काठी माझ्या मनगटावर बसली. मनगट काळंनिळं झालं. केशरीच्या शेपटीचा तोवर निम्मा भाग उरला होता.

त्यातच गल्लीतल्या बाया समुद्र बघायला यायला लागल्या. आमच्याकडं गंगाखेडच्या पुलावरून एसटी जाताना खिडकीतून गंगेत, म्हणजे गोदावरीत, पैसा टाकायची सगळ्यांची रीत आहे. म्हाताऱ्या बाया तर पूल आला की आधीच पैसा मुठीत धरतात. समोरच्या घरातली म्हातारी हळदकुंकू घेऊन आली. मी तिला कुंकू पाण्यात टाकू दिलं नाही, काचेला बाहेरून लावायला सांगितलं. ती नाराज झाली.

"गंगा जिथं जाऊन मिळती ती ही, आन् तू तिची वटी भरू देईनास?"

"हात लावू नका, मावशी. आत जीव हायेत."

मी चहा ठेवायला आत गेले.

काही दिवसांनी शंख काचेवरून गळून पडले. दोन्ही झिंगे उताणे. मासे मात्र ठीक. मी डबीत काटा बघितला, काटा हिरव्यात. दुकानदाराला फोन लावला.

"आजी, तांबं गेलंय का पाण्यात? मासा थोडंफार सहन करतो, शंख-झिंगे नाही करत."

"तांब्याचा हंडा मी त्या खोलीत सुद्धा आणत नाही."

"काहीतरी गेलंय. बघा."

मी बघत बसले असतानाच समोरची म्हातारी आली, टाकीत वाकून म्हणाली, "माझा पैसा दिसंना गं कुठं."

"कसला पैसा?"

"निजामाच्या वक्ताचा. देवघरातला. आताचा पैसा काय कामाचा, लोखंडाचा. मनलं, चांगला टाकावं."

मी काय बोलले ते लिहीत नाही. ती रडत घरी गेली.

आता दगड उपसणं भाग होतं. मी मोठा टप आणला, पदर खोचला, एकेक दगड उचलून टपात ठेवायला लागले. म्हातारा आधी नुसता बघत होता. शेवटच्या दगडाखाली, वाळूत अर्धा रुतलेला, हिरवा पडलेला पैसा सापडला. मी तो बाहेर टाकला. आणि तेव्हा बघितलं तर टाकीत दगड नव्हता. निळ्याला लपायला काही नव्हतं. तो काचेला अंग लावून उभा होता आणि त्याला पहिल्यांदाच कुठं जावं ते कळत नव्हतं.

मी प्लास्टिकची चाळणी घेतली.

"ए," म्हातारा म्हणाला. "पैसा घावला ना? दगड ठेव."

मी चाळणी पाण्यात घातली.

"ए रांडं, ऐकू येईना का? त्याला हात लावलीस तर मुडदा पाडीन तुझा."

"पाडा," मी म्हणाले.

काठी पाठीत बसली. मी वळले नाही, कारण वळले तर मासा निसटला असता. दुसरी खांद्यावर. तिसरी कानाच्या वर बसली आणि कातडी फाटली. रक्त मानेवरून पाण्यात पडलं, दोनतीन थेंब. मी ओल्या हातानं कान धरला तर मीठ लागून असं भाजलं की डोळ्यांपुढं अंधारी आली. पण चाळणी माझ्या दुसऱ्या हातात होती, आणि चाळणीत निळा.

मग मी वळले. काठी पुन्हा येत होती, ती मोकळ्या हातानं धरली आणि ओढली. त्याला एकच हात. सोडून द्यायची अक्कल त्याला नव्हती. काठी माझ्याकडं आली आणि तिच्यामागं तो आला, बाजेवरून खाली, आधी खांदा, मग डोकं. फरशीवर गाल टेकून पडला.

"उचल मला."

मी निळा मासा चाळणीतून फरशीवर टाकला, त्याच्या तोंडासमोर. हातभर अंतरावर. निळा उडत होता, आपटत होता. खाली पडला की टप्प असा आवाज यायचा. म्हाताऱ्याच्या तोंडावर शिंतोडे उडाले. त्यानं डावा हात पुढं केला, माशाला झाकायला की पकडायला कोण जाणे, पण हात पोचला नाही. मी काठीच्या टोकानं मासा थोडा आणखी मागं सारला.

"पाण्यात टाक गं त्याला. टाक. मरायलाय त्यो."

चाळीस वर्षांहून जास्त संसार झाला. हा माणूस कुणासाठी विनवताना मी ऐकला नव्हता. माझ्या बाळंतपणात नाही, पोरगा तापानं फणफणला तेव्हा नाही. त्या माशासाठी त्यानं विनवलं.

"मरू द्या," मी म्हणाले. "कमजोर हाय."

मासा थांबेपर्यंत मी उभी राहिले. नंतर दगड परत लावले, कारण ते वाळले तर आतले जीव मरतात. मिठाचं नवं पाणी तयार होतं, त्यातलं अर्धं बदललं. कानाला हळद दाबली. मग शेजारच्या दोन माणसांना हाक मारून म्हाताऱ्याला बाजेवर घेतलं. एकानं विचारलं, "काकू, कानाला काय झालं?"

"ह्यांनी मारलं."

तो म्हाताऱ्याकडं बघायचं सोडून टाकीकडं बघायला लागला. "निळा कुठं गेला?"

"मी मारला."

दोघं चपला घालून निघून गेले.

काठी मी बंबात घातली आणि पाणी तापवलं. लोक म्हणतील, मग म्हातारा सुधारला असेल. सुधारला नाही. शिव्या आहेत. डावा हात उचलतो, पण काठीशिवाय तो हात दोन वितींच्या पुढं येत नाही. मी ताट लांब ठेवते आणि पायानं आत सारते. पोरगा व्हिडिओ कॉलवर विचारतो, बाबांना करमतं का. मी म्हणते, बघतेत दिवसभर. ते खरंच आहे. टाकीकडून तोंड फिरवायला त्याला कूस बदलावी लागते, आणि कूस मी बदलते.

केशरी बरेच दिवस नळीमागंच राहिला. मोकळी टाकी होती, तरी बाहेर येईना. मग थोडा थोडा फिरायला लागला. शेपटी आली, पूर्ण नाही, तिरकी. आता सगळे दगड त्याचे आहेत. मी काच पुसायला हात घातला की दगडामागून सरळ येतो आणि माझ्या बोटाला चावतो. एकदा चावून भागत नाही, हात काढेपर्यंत चावत राहतो. दात असे नाहीतच, पण पूर्ण जोर लावतो. मी काच नीट पुसून झाल्याशिवाय हात काढत नाही.