तीन मिनिटांची अंघोळ

सासऱ्याचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, असा आमचा रिवाज. पण आज मी घेणार. मोत्लात्सी. एरवी आम्ही त्यांना न्ताते, म्हणजे बाबा, म्हणायचो. जन्मभर ब्लूमफॉन्टेनच्या रेल्वे यार्डात कामगारांची हजेरी लावली, आणि निवृत्त झाल्यावर आमच्या न्हाणीघराची लावायला बसले.

विजेचे पैसे आमच्याकडे आधी भरायचे. मग मीटरवर युनिट चढतात आणि डोळ्यांदेखत उतरतात. किती उतरले, ते न्ताते रोज वहीत टिपून ठेवायचे. एका रविवारी शॉवरखाली बादली ठेवून, हातात घड्याळ धरून त्यांनी अंदाज काढला: मिनिटाला दहा लिटर, तीन मिनिटांना एक युनिट. त्या दिवसापासून माणशी तीन मिनिटं. वर झालं की दारावर चमचा वाजायचा. वाचलेले पैसे डब्यात. दोघा म्हाताऱ्यांच्या थडग्यांवर काळा ग्रॅनाइट बसवायचा होता, मुलावर भार नको म्हणून. मेल्यावरची केवढी ती काळजी!

सासूबाईंना सगळे म्मे मालिनेओ म्हणायचे. इस्पितळाच्या चादरी धुऊन धुऊन त्यांची बोटं वाकडी झाली होती. नर्सनं सांगितलेलं, सकाळी खांद्यांवर चांगलं कढत पाणी घेत जा. पण त्या बोटांतून साबण निसटायचा, वाकून उचलेपर्यंत मिनिट जायचं.

जुलैतली एक सकाळ. जुलै म्हणजे आमच्याकडे भर हिवाळा, अंगणातल्या नळाखाली बर्फ धरतो. चमचा वाजला, पुन्हा वाजला.

"झालं, झालं हो! डोक्याला साबण आहे," म्मे आतून म्हणाल्या.

"काल पण साबणच होता!" असं म्हणून न्तातेंनी बाहेर जाऊन पाण्याचा कॉकच बंद केला.

डोक्यावर फेस, अंगाला टॉवेल, अशी ती बाई मुलासमोरून स्वयंपाकघरात आली आणि किटलीतल्या उरलेल्या पाण्यानं डोकं धुतलं. माझा नवरा खाली मान घालून चहा पीत राहिला. चुलीत घालायची काय ती मर्दानगी!

त्यानंतर म्मे दोनच मिनिटांत बाहेर यायला लागल्या. रोजचे युनिटही जरा कमी लागायला लागले, न्ताते खूश. "बघ सूनबाई, शीक जरा सासूकडून!"

न्हाणीघर पुसायचं काम माझं. आमच्या तिघांच्या अंघोळीनंतर आरसा वाफेनं आंधळा व्हायचा. म्मेंच्या नंतर लख्ख असायचा. आठवडाभर पाहिलं आणि मग त्यांना विचारलं.

"म्मे, गार पाण्यानं करता?"

"गार पाण्याखाली लवकर उरकतं गं," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, घरात भांडण नको. सांगशील तर माझी शपथ आहे."

दोन हिवाळे. दुसऱ्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला आणि ऑगस्टमध्ये आम्ही त्यांना पुरून आलो.

पंधरा दिवसांनी न्ताते मीटरसमोर वही घेऊन उभे होते. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"सूनबाई, माणूस कमी झालं. रोजचं एक युनिट वाचायला हवं होतं. वाचत कसं नाही? मीटर बिघडलंय का?"

इतके दिवस गिळलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं.

"मीटर बरोबर आहे, न्ताते. तुम्ही दोन हिवाळे ते युनिट त्यांच्या नावावर मांडलंत. त्यांनी ते कधी घेतलंच नाही. गार पाण्यानं अंघोळ करायच्या त्या. तुम्ही कॉक बंद केलात त्या दिवसापासून."

त्यांनी वही मिटली. पेन्सिल हातातून पडली, ती उचलायलाही वाकले नाहीत. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत होतं. शपथ मोडली असती तर काय, जीभ झडली असती माझी? पण म्मेंच्या नंतरचा नंबर माझा होता, आणि गिझरमध्ये त्यांनी न वापरता राहिलेलं कढत पाणी रोज सकाळी माझ्या अंगावर पडत होतं.