गुदौरीच्या उतारावर मी गप्प बसायला हवं होतं म्हणे

लिहायचं अगदी जिवावर आलंय. मंडळाच्या अंकाला जॉर्जियाची ट्रिप पाहिजे म्हणून आमच्याच ग्रुपमधल्या, अंक काढणाऱ्या सुनंदावहिनींचे तीन फोन येऊन गेले. ग्रुपमध्ये दोन इंजिनियर, एक डॉक्टर, आणि लिहायचं कुणी, तर चौथीत शाळा सोडलेल्या माणसानं. पण आम्ही आठजण जिथं जातो तिथं किस्से साठतातच, गॅरेजमधल्या जुन्या टायरांसारखे. कधीतरी बाहेर काढावे लागतात.

मी लीड्सला एकतीस वर्षं बस चालवली. दुसऱ्याच्या गाडीत मागं बसलो की माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो. म्हणून शालिनीनं, म्हणजे बायकोनं, मँचेस्टरच्या एअरपोर्टवरच दम दिला. "ड्रायव्हरला शिकवायचं नाही. डॉक्टरांशी वाद घालायचा नाही. मुलं लांब गेली, आता हीच माझी माणसं आहेत. तुमच्या तोंडापायी ही तुटली तर बघा."

डॉक्टर आमचे लीडर. भाड्याच्या मिनीबसमध्ये पुढची सीट त्यांची, शेवटची माझी.

*

तिबिलिसीत गंधकाच्या गरम पाण्याची स्नानघरं आहेत. वास सडक्या अंड्याचा, पण पाणी झकास. आमचे मँचेस्टरचे पेंडसे फार टापटीप, दिवसातून दोनदा अंघोळ. तिथल्या पैलवानानं त्यांना दगडी ओट्यावर पालथं घातलं आणि खरखरीत हातमोज्यानं घासलं. मळाच्या वळ्या निघाल्या. पैलवानानं त्या बोटावर घेऊन आधी पेंडशांना दाखवल्या, मग मला, मग डॉक्टरांना.

पेंडसे म्हणाले, "ही डेड स्किन असते."

डॉक्टर म्हणाले, "मेडिकली सांगायचं तर मळच आहे."

पेंडशांनी हॉटेलवर जाऊन त्या दिवशीची तिसरी अंघोळ केली.

*

जेवणात खिंकाली. दिसायला थेट उकडीचा मोदक, आत बटाटा. वरचं टोक हातात धरून खायचं आणि टोक ताटात ठेवायचं, अशी तिथली रीत. टोकं मोजून वाढणारीला कळतं कुणी किती खाल्ले. आम्हाला काय ठाऊक? पानात काही टाकायचं नाही हे लहानपणी मार खाऊन शिकलेलो. टोकांसकट सगळं साफ केलं.

बाई येऊन बघते तर आठ कोरी ताटं. तिला वाटलं, आम्हाला वाढलंच नाही. तिनं परत तेवढंच आणलं. वाढलेलं परत कसं पाठवायचं? तेही संपवलं. तिसऱ्यांदा ती आचाऱ्यालाच बाहेर घेऊन आली. दोघं कमरेवर हात ठेवून बघत उभे.

सुनंदावहिनी पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "एकोणीस कळ्या आहेत हो. मला एकवीस जमतात."

*

बोर्जोमी हे झऱ्याच्या पाण्याचं गाव. पाणी कोमट, खारट. डॉक्टरांनी पचनावर अर्धा तास लेक्चर दिलं, मग मिसेस पेंडशांनी त्याच पाण्याचा चहा केला. आमची किटली आणि चहापत्ती लीड्सपासून बरोबर असते. एक घोट घेऊन सगळ्यांनी कप खाली ठेवले. डॉक्टरांना ठेवता येईना. दोन कप प्यायले आणि म्हणाले, "उत्तम."

बातुमीला जाताना त्यांनी गाडी सहा वेळा थांबवायला लावली. ड्रायव्हर गिया बिचारा दरवेळी हसून थांबला. कुणी एका शब्दानं बोललं नाही त्यांना.

*

बातुमी समुद्रकाठचं, बड्या हॉटेलांचं गाव. पण किनाऱ्यावर वाळू नाही, नुसते गोटे. मंडळी तिथं भेळ करून बसली. माझ्या बुडाला गोटे टोचायला लागले, उठलो आणि बसस्टँडवर गेलो. तिथले ड्रायव्हर फाशांचा खेळ मांडून बसले होते. भाषा येत नव्हती, पण गिअरबॉक्सवर आमचं चांगलं जमलं. दोन तास गेले. इकडं पोलिसात जायची तयारी.

डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "बबनराव, ग्रुप शिस्तीवर चालतो. पुढच्या ट्रिपला तुम्हा दोघांना घ्यायचं का, विचार करावा लागेल."

दोघांना. शालिनी भेळेची भांडी आवरायला लागली. रात्री म्हणाली, "आता घरी पोचेपर्यंत तोंड उघडू नका."

नाही उघडलं. पुढचे दोन दिवस मी गोणीसारखा मागं पडून होतो.

*

शेवटी गुदौरी. बर्फात घसरायला येतात लोक तिथं, आम्ही चहा प्यायला गेलो. उतरताना वळणावर वळणं. चौथ्या वळणावर मला वास आला. ब्रेक लायनिंग जळाल्याचा वास मी झोपेतही ओळखीन. शालिनीकडं बघितलं. तिनं मान हलवली, नको म्हणून. आणखी एक वळण गेलं. वास वाढला.

मी उभा राहिलो. "गाडी थांबवा."

डॉक्टर वळलेसुद्धा नाहीत. "ही लीड्सची बस नाही, बबनराव. चौथी शिकलेल्यानं इंजिनियरिंग शिकवू नये. बसा खाली."

मी मधल्या वाटेनं धडपडत पुढं गेलो. गियाच्या खांद्यावर हात ठेवला, नाकाला बोट लावलं, पाय आपटून दाखवला. त्यानं एकदा हुंगलं. गिअर खाली टाकत टाकत, हँडब्रेक ओढत डोंगराला घासून गाडी उभी केली. मागच्या चाकातून धूर येत होता. दुसऱ्या बाजूला काय होतं ते मिसेस पेंडशांनी बघितलं आणि त्या रस्त्यातच बसल्या.

दुसरी गाडी येऊन आम्हाला खालच्या गावात घेऊन गेली. आज चालवायचं नव्हतं म्हणून गियानं वाइन मागवली आणि ग्लास घेऊन उभा राहिला. तिथं जेवताना कुणाच्या नावानं ग्लास उचलला की त्या माणसासाठी सगळ्यांनी उठायचं असतं. त्यानं माझ्याकडं बोट केलं. "ड्रायव्हर," म्हणाला. तेवढाच शब्द आम्हा दोघांना येत होता.

सगळ्यात आधी शालिनी उठली. मग पेंडसे, मिसेस पेंडसे, सुनंदावहिनी, इंजिनियर दोघं. शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोकसुद्धा उठले.

एकजण बसून राहिला. गुडघा धरलाय म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिबिलिसीचा किल्ला पायऱ्यांनी चढून गेला, आमच्या सगळ्यांच्या पुढं.

त्याचं नाव लिहून ठेवतो: डॉक्टर श्रीकांत बापट, नॉटिंगहॅम.