गरम पाण्याचा डॉक्टर

डॉक्टर चांगला की वाईट हे ओळखायची माझी एक पद्धत होती. क्लिनिकमधून बाहेर पडताना औषधांची पिशवी हातात तोलून बघायची. जड लागली की डॉक्टर चांगला. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली आहे हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला हसायला सोपं जाईल.

तेव्हा आम्ही मस्कतमध्ये अल् खुवैरला राहायचो. ह्यांच्या कंपनीने घरातल्या सगळ्यांना इन्शुरन्सची कार्डं दिली होती. कार्ड दाखवलं की डॉक्टर फुकट, औषधं फुकट. एवढी सोय केल्यावर माणसाने थोडं आजारी पडायला नको का? मुलगा दोनदा शिंकला की मी पर्समध्ये कार्ड आहे ना ते बघायची. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक खाजगी क्लिनिक होतं. वर डॉक्टर, खाली औषधांचं दुकान, आणि दोन्हीचा मालक एकच. तिकडे मालकाला अर्बाब म्हणतात. ते महिन्यातून एखाद वेळी यायचे, बाकी सगळा कारभार मॅनेजर बघायचा. तिथले म्हातारे डॉक्टर साध्या सर्दीलाही पाच-सहा औषधं लिहायचे. माझ्या फ्रिजच्या दारात सिरपच्या बाटल्यांची रांग लागलेली असायची आणि अंडी बिचारी वाडग्यात. पाहुण्या बायका फ्रिज उघडून बघायच्या तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, श्रीमंत वाटायचं.

ते म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन गावी गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आला. सांगलीकडचा, तिशीचा, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. आपला मराठी माणूस म्हणून पहिल्याच आठवड्यात मी मुलाला घेऊन गेले. पोरगं दहा वर्षांचं, ताप शंभर, नाक वाहतंय. त्याने घसा बघितला, कान बघितले, छातीला नळी लावून तीन वेळा श्वास घ्यायला लावला.

"व्हायरल आहे ताई. काही लागत नाही याला. गरम पाणी द्या, वाफ द्या, दोन दिवस शाळेत पाठवू नका. ताप फारच वाढला तर ही एक गोळी."

"अँटिबायोटिक?"

"नको."

"खोकल्याचं?"

"खोकला नाहीये त्याला."

"होईल की उद्या!"

तो हसला. मला वाटलं, मला हसला. माझ्याच गावाकडचा पोरगा, माझ्याच भाषेत मला रिकाम्या हाताने घरी पाठवतोय! खाली दुकानात एका पाकिटासाठी त्यांनी पिशवीसुद्धा दिली नाही. मुलगा दोन दिवसांत बरा झाला. त्याचं श्रेय मी फ्रिजमधल्या जुन्या सिरपला दिलं. ते मी गुपचूप दोन चमचे पाजलं होतं.

आम्ही सात मराठी बायका शुक्रवारी सकाळी पाळीपाळीने एकमेकींकडे पोह्यांना जमायचो. त्या शुक्रवारी मी विषय काढला. काढला म्हणजे काय, आग लावली. एकीला गुडघ्याचं इंजेक्शन नाकारलं होतं, व्यायाम सांगितला होता. दुसरीला तर म्हणे, वजन कमी करा, असं तोंडावर सांगितलं. तिसरी म्हणाली, "मला झोपेची गोळी हवी होती गं, तर मला विचारतो, दुपारी किती वेळ झोपता?" हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. गरम पाण्याचा डॉक्टर हे नाव मीच ठेवलं. त्या दिवशी सगळ्यांत मोठं हसू मला मिळालं, आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, मॅडम, तोंडी काही उपयोग नाही, लिहून द्या. लिहून! अहो, मला कोणी लिहायला सांगतंय म्हणजे काय! इंग्रजी माझं बरं होतं आणि ते वापरायला कोणी देत नव्हतं. घरी दोन तास बसून मी दीड पानी पत्र लिहिलं. त्यात 'लॅक ऑफ प्रोफेशनल कॉम्पिटन्स' असं एक वाक्य होतं. ते मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे पेपर खाली न घेता म्हणाले, "पोरगं बरं झालं ना तुझं?" मी म्हटलं, "प्रश्न तत्त्वाचा आहे." मग सहा घरं फिरून सहा सह्या गोळा केल्या, सातवी माझी, सगळ्यांत वर. एकीनेही पत्र नीट वाचलं नाही. तू लिहिलंयस ना, मग बरोबरच असेल, म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी त्या खोलीत दुसरे डॉक्टर बसलेले होते. जुन्याचं काय झालं हे मी विचारलं नाही. मला नुकताच खोकला झाला होता आणि नवे डॉक्टर लिहीत होते, लिहीत होते, पान उलटून लिहीत होते. पिशवीला दोन बंद होते. मी अगदी तृप्त होऊन घरी आले.

त्या गोळ्यांनी खोकला थोडा कमी झाला, पण चक्कर यायला लागली. परत गेले, तर चक्करेची गोळी मिळाली. पोटात जळजळ सुरू झाली, जळजळीची मिळाली. एका दुपारी मुलाला शाळेतून आणत होते. सिग्नलला गाडी उभी होती, आणि पुढचं मला आठवत नाही. मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि मुलगा माझा दंड हलवतोय. "आई! इट्स ग्रीन! आई, तू झोपली?" पाय ब्रेकवर होता म्हणून आज मी हे लिहितेय. मुलाला मी सांगितलं, बाबांना बोलू नको हं. तो "ओके" म्हणाला आणि घर येईपर्यंत माझ्याकडे बघत बसला, रस्त्याकडे नाही.

त्याच आठवड्यात सुपरमार्केटच्या फळ्यावर एक कागद दिसला. देश सोडून जाणारी कुटुंबं लावतात तसा, खाली फोन नंबरच्या पट्ट्या कापलेल्या. त्यात पुस्तकांचं कपाट होतं. मला मुलासाठी हवंच होतं. फोन केला, एका बाईने मराठीत पत्ता सांगितला. चालत जाण्याइतकं जवळ होतं. गेले.

दार एका पंचविशीतल्या मुलीने उघडलं, कडेवर दीड वर्षाचं बाळ. खोलीभर खोकी. "या ना काकू, कपाट आतल्या खोलीत आहे," असं ती म्हणतेय तोवर आतून तिचा नवरा बाहेर आला. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या.

मी भिंतीला धरलं. थोडी लाज, थोडी गोळी. त्याला फक्त गोळी दिसली असावी. "बसा बसा. चक्कर येतेय का? कधीपासून? काय औषधं चालू आहेत?" मी आपली पर्स उघडली आणि सगळा दवाखाना एका खोक्यावर मांडला. तो खाली मांडी घालून बसला आणि एकेक पाकीट उलटून वाचायला लागला.

"ही आणि ही एकच आहे ताई. कंपनी वेगळी, औषध तेच. म्हणजे तुम्ही डबल घेताय. ही गुंगी आणणारी. हे सिरप, हेही गुंगी आणणारं. आणि ही त्या गुंगीने येणारी चक्कर थांबवायची." मग वर बघून म्हणाला, "गाडी चालवत नाही ना तुम्ही?"

मी नाही म्हटलं.

"औषधं किती दिवस चालू आहेत?"

"अठरा."

"आणि मूळ खोकला किती दिवसांचा होता?"

"चार."

तो हसला नाही. या वेळी हसला असता तर बरं झालं असतं. त्याने गोळ्यांचे दोन गठ्ठे केले, एक मोठा, एक अगदीच लहान, आणि मोठा गठ्ठा बंद करायला सांगितला. लहानातली गोळी कधी घ्यायची ते पाकिटावर मराठीत लिहून दिलं.

त्याची बायको तोवर सरबत घेऊन आली होती. ती माझ्याशेजारी खोक्यावर बसली आणि जशी कुठलीही मुलगी आईच्या वयाच्या बाईजवळ बोलते तशी बोलायला लागली. दोन वर्षांचा करार होता, सहा महिनेही झाले नाहीत. इथेच एका दुसऱ्या दवाखान्यात नोकरी मिळत होती, पण जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र हवं. ते नसेल तर देश सोडायचा आणि दोन वर्षं परत यायचं नाही. "ते देत नाहीत, काकू. तक्रार आहे म्हणतात. कुणी बायकांनी लिहून दिलंय, ह्यांना कामच येत नाही म्हणून. ह्यांना!" तिचा आवाज चढला तसं बाळ रडायला लागलं. "पाकिटांवर त्याच क्लिनिकचं नाव आहे, तुम्ही तिथेच जाता ना? तुम्हाला माहितीयेत का हो कोण आहेत त्या?"

मी सरबताचा ग्लास तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. ग्लास केव्हाच रिकामा झाला होता.

"यांना कसं माहीत असेल?" तो पाकिटं परत माझ्या पर्समध्ये भरत म्हणाला. "इतके पेशंट येतात. तू बाळाला घे बघू."

लिफ्टपर्यंत तो मला सोडायला आला. मी बटण दाबलं, तो शेजारी उभा. मग शांतपणे म्हणाला, "मॅनेजरने मला पत्र दाखवलं होतं, ताई. वरच तुमचं नाव आहे."

लिफ्ट आली आणि मला न घेता गेली.

"मी मागे घेते," मी म्हटलं. "उद्याच्या उद्या घेते."

"बघा. बुधवारी व्हिसा कॅन्सल करायला कागद जाणार आहेत. त्याच्या आधी काही झालं तर ते ना-हरकत देतील कदाचित." आणि थोडं थांबून, "तिला सांगू नका. तिला तुमचा आधार वाटला आत्ता."

तो रविवार होता. सोमवारी सकाळी मी मॅनेजरसमोर. नवीन पत्र लिहून नेलं होतं, चार ओळींचं. त्यात एकही भारी शब्द नव्हता. त्याने वाचलं, मान हलवली. "मॅडम, सात जणींनी तक्रार केली, एकटीने मागे घेऊन कसं चालेल? सातही सह्या आणा. मी स्वतः अर्बाबला फोन करतो. इन्शाल्ला, होऊन जाईल." तो फोन करणार होता की मला कटवत होता, ते मला आजही माहीत नाही. ते मला कधीच कळू शकणार नाही, कारण मी सह्या नेल्याच नाहीत.

गेले मी. एका घरी गेले. मंगळवारी अकरा वाजता, गुडघ्याचं इंजेक्शन नाकारलेल्या मैत्रिणीकडे. पत्र पर्समध्ये, पेनही घेतलेलं. वाटेत वाक्य जुळवून ठेवलं होतं: आपण चुकलो गं, सही कर. एवढंच. लहान वाक्य आहे, चौथीतलं पोर बोलेल.

तिने दार उघडलं आणि मला मिठीच मारली. "ये गं बाई, ये! नवीन डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं बघ मला, दोन्ही गुडघ्यांत! तू होतीस म्हणून. आम्ही नुसत्या बडबडलो असतो. तू लिहिलंस! आमचे हे तर म्हणतात, तुझ्या त्या मैत्रिणीने वकील व्हायला हवं होतं."

"अगं, तेच जरा बोलायचं होतं..."

"बोल की. आधी बस. चहा टाकते, आल्याचा."

ती आत गेली. मी पर्सची चेन उघडली. पत्राची घडी बोटांना लागली. आतून ती बोलतच होती, माझं इंग्रजी, माझी हिंमत, पुढच्या शुक्रवारी सगळ्या मिळून मला साडी द्यायची म्हणताहेत. आणि आता जे लिहिते ते कुठल्याही डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही: मला ते ऐकायला बरं वाटत होतं. दोन दिवसांपूर्वी ज्याच्या घरात मी तोंड लपवून सरबत प्यायले त्याची नोकरी माझ्या पर्समध्ये होती, आणि मी कान टवकारून ऐकत होते की साडी कुठल्या रंगाची म्हणते.

ती चहा घेऊन आली. "हं, बोल. काय बोलायचं होतं?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "शुक्रवारी पोहे कुणाकडे, ते विचारायला आले होते."

तिथून आणखी पाच घरं होती. सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. मंगळवारची अख्खी दुपार होती, बुधवारची सकाळ होती. मी मैत्रिणीकडे तासभर बसले. चहा छान झाला होता. तिने विचारलं, अजून अर्धा कप? मी म्हटलं, चालेल.