शामण्णांचा आवाज आणि कमळाक्कांचं मत

काटा पुन्हा लाल पट्टीत गेला, तसे साहेबांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मी टेप थांबवायची खूण केली.

“यांना काढा,” साहेब म्हणाले. “पुढच्या भागात वडील यात्रेला गेले असं लिहा. परत येतच नाहीत.”

काटा म्हणजे आवाज किती मोठा आहे ते दाखवणारा काटा. तो लाल पट्टीत गेला की आवाज फाटतो. वडिलांचं काम करणारे शामण्णा तोंड उघडायचे आणि काटा तिथे जायचा. मग इंजिनिअर फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची मूठ, खाली ओढायचा. तोवर शामण्णांचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू झालेलं असायचं आणि ते कुजबुजल्यासारखं ऐकू यायचं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. बंगळूरला टीव्ही यायला अजून पुष्कळ वर्षं होती. नवी मालिका म्हणजे रेडिओवरची, दर रविवारी दुपारी. मी रेडिओच्या नाटक विभागात होते, साहेब त्याचे प्रमुख. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे घरात मराठी आणि काम सगळं कन्नडमधून. ही मालिका माझी पहिलीच. जवळच्या आनेकल गावचे एक विधुर वडील शहरात राजाजीनगरला मुलाकडे राहायला येतात. मुलगा कारखान्यात, सून घरी. एवढीच गोष्ट. भाग आधी टेप करून ठेवायचे आणि रविवारी लावायचे.

वडिलांच्या कामाला शामण्णांना मीच निवडलं होतं. ते नाटक कंपनीत वाढलेले. तिथे माईक नसे. तंबूच्या पार मागच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा, हे त्यांचं सगळं शिक्षण. कंपनी बंद पडली आणि वय झाल्यावर ते आमच्याकडे आले. हळू बोला म्हटलं की बिचारे हळू बोलत, पण वाक्यातला जीव जायचा. भावनेची जागा आली की पुन्हा तंबू. हे काम गेलं तर दुसरं कुणी आपल्याला विचारणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.

मी साहेबांकडे आणखी एक संधी मागितली. ते वाईट माणूस नव्हते. हेडफोन पुन्हा उचलत म्हणाले, “एक रेकॉर्डिंग. त्यानंतर मी सुचवणार नाही, सांगणार.”

बसवनगुडीत कमळाक्का म्हणून एक निवृत्त शिक्षिका राहत. आमच्यासारख्याच जुन्या मराठी घरातल्या. रेडिओवर नवीन काही सुरू झालं की त्या ते पहिल्या भागापासून ऐकत आणि भाजी घेताना माझ्या आईला आपलं मत सांगत. आई ते भाजीबरोबर घरी आणी. रहस्यमालिकेतल्या डिटेक्टिव्हने चोर धरायच्या आधी खोकल्याचं औषध घ्यावं. माझ्या मालिकेतल्या सुनेचं नाव बदलावं, कारण ते त्यांच्या नणंदेचं होतं. मी हसून सोडून देत असे. पण त्या रविवारी दुसरं काही सुचेना, म्हणून मालिकेच्या वेळेला त्यांच्या घरीच गेले.

शेजारच्या चार-पाच बायका चटईवर बसल्या होत्या. कमळाक्का रेडिओशेजारी स्टुलावर, हात बटनावर. शामण्णा बोलायला लागले की त्या बटन फिरवून आवाज कमी करत, सून बोलली की वाढवत. आमचा इंजिनिअर करायचा तेच. मला वाटलं, संपलं. यांनाही ते नको आहेत.

मालिका संपून बायका गेल्यावर मी विचारलं, “अक्का, वडिलांना काढलं तर?”

“का? चांगला माणूस आहे,” त्या म्हणाल्या. “पण तो माझ्याशी बोलत नाही गं. माझ्यामागे पुष्कळ लोक बसलेत, त्यांच्याशी बोलतो. मी इथे अशी स्वल्प जवळ बसलेय, हे त्याला कुणी सांगितलं का?”

आम्ही त्यांना माईकपासून लांब राहा म्हणालो होतो, मान वळवा म्हणालो होतो, आवाज खाली घ्या म्हणालो होतो. हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तुम्ही येऊन सांगाल का, असं विचारल्यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली. एवढ्या जुन्या कलावंताला आपण काय सांगायचं? “नुसती समोर बसेन. सरी? चालेल ना?”

रेकॉर्डिंगला बाहेरचं माणूस आत घ्यायची पद्धत नव्हती. साहेबांनी परवानगी दिली, पण बांगडीचाही आवाज नको म्हणाले. कमळाक्का रेशमी साडी नेसून आल्या. रेशमाची सळसळ माईक लगेच पकडतो. इंजिनिअरने कपाळाला हात लावला आणि कुठून तरी एक कांबळं आणून त्यांच्या मांडीवर घातलं. बांगड्या त्यांनी स्वतःच काढून पिशवीत ठेवल्या. माईकच्या पलीकडे, शामण्णांच्या अगदी समोर त्यांची खुर्ची मांडली.

मी शामण्णांना म्हणाले, “आजचं सगळं या बाईंना सांगा. दुसरं कुणी नाही.” त्यांनी नमस्कार केला. का, हे विचारलं नाही.

तालमीत त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, नेहमीसारखंच. कमळाक्का किंचित मागे सरल्या. शामण्णांनी ते पाहिलं आणि थांबले. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, “पुन्हा घेऊ या.”

लाल दिवा लागला. टेप फिरू लागली. त्या भागात वडील सुनेला सांगतात की मला इथे काही कमी नाही, पण दिवसभर नावाने हाक मारणारं कुणी नाही. शामण्णा ते समोरच्या बाईंना सांगत होते. टेबलाच्या रुंदीएवढाच आवाज. काटा मधोमध होता आणि इंजिनिअरचा हात मुठीवरून केव्हाच निघाला होता.

वाक्य संपलं आणि कमळाक्का हलकेच म्हणाल्या, “हौदु.” म्हणजे हो, खरंय.

ते टेपवर गेलं. सुनेचं काम करणारी मुलगी आपलं पुढचं लांबलचक वाक्य विसरून बघत राहिली. शामण्णा मात्र डगमगले नाहीत. ते उत्तर सुनेचंच आहे असं धरून त्यांनी मान हलवली आणि पुढचं वाक्य घेतलं.

बूथमध्ये, म्हणजे काचेमागच्या आमच्या खोलीत, मी साहेबांना म्हणाले, आपण पुन्हा घेऊ.

“कशाला?” साहेब म्हणाले. “सुनेचं भाषण कापा. हे राहू द्या.”

मालिका वर्षाहून जास्त चालली. वडील यात्रेला गेले नाहीत. शामण्णांना पुढे इतर नाटकंही मिळाली आणि त्यांचा आवाज असा झाला की नवीन मुलं तो ऐकायला बूथमध्ये येऊन उभी राहत. एका सकाळी ते बसवनगुडीला जाऊन कमळाक्कांना मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा आणि केळी देऊन आले. मला त्यांनी हे सांगितलं नाही. आईने सांगितलं.

मी त्यानंतर निवृत्तीपर्यंत नाटकंच केली. त्या कामात मला जे काही येत होतं त्यातलं बरंचसं कमळाक्कांमुळे आलं, आणि ते शिकवल्याचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. विभागात नवीन माणूस आला की मी एवढंच सांगत असे. ऐकणाऱ्याचं मत हवं असेल तर त्याला ते लिहून पाठवायला सांगू नका. तो ऐकत असताना त्याच्या घरी जाऊन बसा. मतं नव्वद टक्के निरुपयोगी असतात, पण कॉफी चांगली मिळते.