देवीच्या मुकुटावरची लाली

देवाच्या दारी उभे राहणाऱ्याला भय नसते, असे आपण म्हणतो. पण त्याच दाराची किल्ली ज्याच्या पदरी असते, त्याला मात्र माणसांचे भय असते. बहादरपूरच्या गोदाबाईला ते भय वर्षभर पुरले.

गोदाबाई केळीच्या बागांत राबून राबून वाकलेली बाई. नवरा गेला, एकुलती लेक ज्योत्स्ना तापाने गेली, आणि उरलेली सारी माया तिने गल्लीतल्या देवीच्या पायी ओतली. पहाटे गाभारा झाडावा, समई उजळावी, मुकुट उतरवून विभूतीने पुसावा, पुन्हा मस्तकी ठेवावा. तिचा हात देवीच्या अंगावरून असा फिरे, जणू ती लेकीची वेणीच घालत आहे. त्या मुकुटाला तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे.

मुकुट दिला होता शाहपूरच्या ललितशेठने. केळीचा व्यापार करता करता हा गृहस्थ लोकांची रक्कम दुप्पट करून देऊ लागला होता. एका नवरात्रात तो म्हणाला, चांदी गल्लीने द्यावी, घडणावळ माझी. कुणी जोडवी दिली, कुणी करगोटा, भागाबाईने सासूचे तोडे. गोदाबाईने ज्योत्स्नाचे पैंजण दिले. लेकीचे घुंगरू आता देवीच्या मस्तकी वाजतील, या आनंदात तिने त्या दिवशी अन्नही घेतले नाही.

मुकुट आला. मागच्या बाजूला ललितचे नाव कोरलेले होते. पारखून घ्यावा, असे कुणाच्या मनात आले नसेल असे नाही. पण देवाच्या धातूला कानस लावू नये, कसोटीवर घासू नये, असा त्या देवळाचा रिवाज. भक्ताने देवाची परीक्षा घ्यायची नाही! त्या भाबड्या नेमाने साऱ्या गल्लीचे डोळे मिटले, आणि देणाऱ्याला ते मिटलेलेच हवे होते.

मग एका पोळ्याला मुकुटाच्या काठावर गोदाबाईला लाली दिसली. कुंकू असेल म्हणून तिने पुसली. लाली गेली नाही. पुसावी तशी उजळत गेली. तांबे! सांगावे, तर पहिला प्रश्न येणार की मुकुट रोज कुणाच्या हाती असतो? न सांगावे, तर देवीच्या मस्तकी लबाडी. त्या दिवसापासून ती मुकुटाच्या काठाला फुलांचा वळेसर गुंडाळू लागली. शेजारची भागाबाई दर्शनाला येऊन जरा जास्त वेळ थांबली, तरी गोदाबाई वळेसर सारखा करायला पुढे होई. हिने पाहिले असेल का? ही कुणाला बोलली असेल का? हात जोडलेल्या प्रत्येक माणसाच्या नजरेत तिला चौकशी दिसू लागली.

पुढे फसवणुकीच्या संशयावरून ललितशेठला पकडले. त्याचे घर, गाड्या, केळी पिकवण्याची गोदामे, सगळ्यांना सरकारी सील लागले. लोकांच्या पैशातून जे जे घेतले असण्याचा संशय, ते ते जप्त. गावात माणूस माणसाकडे तिरप्या डोळ्याने पाहू लागला. आणि एका दुपारी जीप देवळाशी थांबली. पोलीस ठाण्याच्या प्रमुख टी.आय. मॅडम, दोन शिपाई, आणि बऱ्हाणपूरचा एक सराफ. मुकुटावर आरोपीचे नाव आहे, म्हणून तो ताब्यात घ्यायचा होता.

बायका दारात गोळा झाल्या. भागाबाई पुढे झाली.

"नाव त्याचं असंल मॅडम, चांदी आमची हाये. माझ्या सासूचे तोडे हायेत त्याच्यात."

"अम्मा, ये साबित कैसे होगा?" मॅडम शांतपणे म्हणाल्या.

सराफाने कसोटीचा दगड काढला, तशा बायका कळवळल्या. देवीच्या धातूला दगड लावू नका म्हणाल्या. मॅडमनी मान राखला. न घासता, आहे तसाच सील करू, पुढचे कोर्ट पाहील.

गोदाबाईला वाट मोकळी झाली होती. आता गप्प राहिले, की मुकुट जाणार, लाली जाणार, तिचे नाव निष्कलंक राहणार. पण ज्योत्स्नाचे पैंजण? तांब्यालाच चांदी समजून सरकार कुलूप लावील, आणि खरे पैंजण शाहपूरच्या त्या बंद घरात कुठे पडले असतील, तर ते कुणी शोधायलाही जाणार नाही. तिने देवीकडे पाहिले. देव अशा वेळी बोलत नाही, वाट पाहतो. गोदाबाईने मुकुट उतरवला, वळेसर सोडला आणि काठ उजेडाकडे धरला.

"सोनारदादा, घासायची गरज नाही. हे बघा."

सराफाने चष्मा वर केला. "ताँबा है मैडम. ऊपर चाँदी का पानी चढ़ा है."

भागाबाईचा आवाज आला, हळू, कापसाच्या पेळूसारखा मऊ.

"गोदाबाई, हे फुलं कवापासून गुंडाळते वं तू?"

"मांगच्या पोळ्यापासून."

"आन् बोलली नाही."

"बोलली असती, तं तू आता जे इचारून राहिली, तेच इचारलं असतं."

मॅडमनीही गोदाबाईकडे नव्याने पाहिले. बायकांची तक्रार लिहून घेऊ, शाहपूरच्या सील केलेल्या मालात त्यांचे दागिने शोधू, असे त्या म्हणाल्या. पण मुकुट ज्यांच्या हाती होता, त्यांचा जबाब आधी. गोदाबाईने मान हलवली. सोडलेल्या वळेसराची फुले तिने देवीच्या उघड्या मस्तकी वाहिली, पदराची गाठ सोडली आणि किल्ली भागाबाईच्या हाती दिली.

जीपमध्ये बसताना तिने एकदा मागे वळून हात जोडले. गाभाऱ्यात भागाबाई समईची वात पुढे सारत होती. मग भागाबाईने दाराकडे पाठ केली, आणि देवीच्या नाकातली नथ दोन बोटांत धरून उजेडात फिरवून पाहिली.